प्रतीक्षेची तिथी कोण ठरवणार?

चित्रपटमालिकेच्या दोन भागांमध्ये प्रेक्षकाने किती वर्षे वाट पाहावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. देशापुढे इतके गंभीर विषय उभे असताना एका काल्पनिक गुप्तहेराच्या पुढच्या साहसाची चिंता कशाला वाहावी, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या घरातील मुलाला संकष्टी कधी आहे हे विचारूनही सांगता येत नाही, पण अमुक चित्रपटाचा पुढचा भाग कोणत्या शुक्रवारी येणार हे तोंडपाठ असते, त्या घराला हा प्रश्न असा झटकून टाकता येणार नाही. माणसाची, विशेषतः मुलांची, उत्सुकता हा आज अब्जावधी डॉलरच्या व्यवहाराचा कच्चा माल झाला आहे. कच्चा माल पुरवणाऱ्याने भावाची चौकशी करू नये, अशी व्यापाऱ्याची इच्छा असतेच. ती चौकशी करण्याची वेळ आली आहे.

या विषयावर चित्रपटरसिकांत दोन तट पडलेले दिसतात. एका तटाला दरवर्षी नवा भाग हवा असतो. विलंब झाला की तो दिग्दर्शकापासून नटापर्यंत सर्वांना शिव्याशाप देतो. दुसरा तट स्वतःला जाणकार समजतो. कलेला घाई करू नये, उत्तम गोष्टीला वेळ लागतोच, पाच-सहा वर्षे थांबावे लागले तर रसिकाने थांबावे, असा त्याचा उपदेश असतो. पहिल्या तटाचा उतावळेपणा उघड दिसतो, म्हणून त्याची टिंगल होते. दुसऱ्या तटाचा भाबडेपणा मात्र शहाणपणाच्या वस्त्रात वावरतो आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. प्रेक्षक ज्याला कलावंताची साधना समजून हात जोडतो, ती अनेकदा वकिलांची तारीख असते, हे त्या तटाच्या गावीही नसते.

याची पडताळणी करण्यासाठी जेम्स बाँडच्या चित्रपटमालिकेइतके उत्तम उदाहरण दुसरे नाही. १९६२च्या ऑक्टोबरमध्ये ‘डॉक्टर नो’ लंडनमध्ये झळकला आणि २०२१मध्ये ‘नो टाइम टू डाय’ आला. एकोणसाठ वर्षांत इऑन या एकाच निर्मितिसंस्थेने पंचवीस चित्रपट दिले. हॅरी सॉल्ट्झमन आणि अल्बर्ट ब्रोकोली या दोन भागीदारांनी उभी केलेली ही संस्था पुढे ब्रोकोली कुटुंबाच्या हाती राहिली. बाँडच्या कथांतील नीतिकल्पना, त्याचे मद्यपान आणि स्त्रियांकडे पाहण्याची त्याची दृष्टी यांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त उदयपूरच्या देखण्या राजवाड्यांभोवती गारुडी, तलवार गिळणारे आणि निखाऱ्यांवर चालणारे यांचा जो बाजार मांडला होता, तो पाहून भारतीय माणसाला हसावे की रडावे हे कळत नसे. कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात होते, हाच काय तो दिलासा. पण तो विषय निराळा. इथे प्रश्न आहे तो वेळापत्रकाचा, आणि त्या बाबतीत या मंडळींकडून एके काळी जगाने धडा घ्यावा अशी त्यांची शिस्त होती.

मूळ कादंबरीकार इयन फ्लेमिंग यांची पद्धतच तशी होती. दर हिवाळ्यात जमैकातील आपल्या घरी जाऊन बसायचे, बाँडकथेचे हस्तलिखित पुरे करायचे आणि पुढल्या वर्षी ते पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती द्यायचे. १९५३पासून त्यांचे ऑगस्ट १९६४मध्ये निधन होईपर्यंत हा क्रम चुकला नाही. चित्रपटनिर्मात्यांनी तोच कित्ता गिरवला. १९६२, १९६३, १९६४, १९६५ अशी सलग चार वर्षे चार चित्रपट आले. त्यांतला ‘गोल्डफिंगर’ हा तिसरा. आधीच्या चित्रपटानंतर अवघ्या वर्षभरात आलेला हा चित्रपट आजही मालिकेतील सर्वोत्कृष्टांत गणला जातो. पुढे वेग थोडा मंदावला आणि दोन वर्षांवर स्थिरावला. १९७७पासून १९८९पर्यंत तर विषम वर्ष उजाडले की बाँडपट यायचा, असा नेमच होता. १९७७, १९७९, १९८१, १९८३, १९८५, १९८७, १९८९. बारा वर्षांत सात चित्रपट, एकदाही खंड नाही.

हा नेम आपोआप टिकला नव्हता. पाइनवुड स्टुडिओत बाँडसाठी खास बांधलेले भव्य चित्रीकरणदालन जून १९८४मध्ये दुसऱ्याच एका चित्रपटाच्या कामाच्या वेळी जळून भस्मसात झाले. पुढच्या बाँडपटाचे काम तोंडावर आले होते. निर्मात्यांना वर्षभराची सबब सांगता आली असती आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. त्यांनी दालन पुन्हा उभारले, जानेवारी १९८५मध्ये ते पुन्हा कामाला लावले आणि ‘अ व्ह्यू टू अ किल’ त्याच वर्षी ठरल्याप्रमाणे प्रदर्शित केला. चित्रपट फार थोर होता असे नाही. सत्तावन्न वर्षांच्या रॉजर मूरला उड्या मारताना पाहून प्रेक्षकालाच दम लागत होता. पण दिलेला शब्द पाळला गेला.

शब्द हा इथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या अखेरीस पडद्यावर अक्षरे उमटली होती की, जेम्स बाँड ‘गोल्डफिंगर’मध्ये परत येईल. तिकीट काढलेल्या प्रत्येकाला दिलेले हे लेखी वचन होते आणि वर्षभरात ते पाळले गेले. १९७७मध्ये हेच वचन प्रथम ठळकपणे वाकवले गेले. ‘द स्पाय हू लव्हड मी’च्या शेवटी ‘फॉर युवर आइज ओन्ली’चे नाव होते, त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ने तिकीटखिडकीवर उत्पात माजवला आणि निर्मात्यांना अवकाशाचा मोह पडला. पुढचा चित्रपट आला तो ‘मूनरेकर’, ज्यात बाँड थेट अंतराळात पोहोचला. नाव बदलले, वर्ष मात्र चुकले नाही. १९८९च्या ‘लायसन्स टू किल’नंतरही तेच वाक्य होते, फक्त आता पुढच्या चित्रपटाचे नाव नव्हते. प्रेक्षक नेहमीप्रमाणे दोन वर्षे थांबला. १९९१ उलटले. १९९३ उलटले. ‘गोल्डनआय’ यायला नोव्हेंबर १९९५ उजाडला.

या सहा वर्षांत कोणती कलासाधना चालली होती? वस्तुस्थिती अशी की, जियानकार्लो पारेत्ती नावाच्या इटालियन धनिकाने १९९०मध्ये एमजीएम ही वितरणसंस्था विकत घेतली, आणि ती घेण्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याकरिता जुन्या चित्रपटांचे दूरचित्रवाणी-हक्क मिळेल त्या भावाने विकण्याचा घाट घातला. त्या गाठोड्यात बाँडपटही होते. ब्रोकोलींच्या डॅनजाक या कंपनीने न्यायालयात धाव घेतली. क्रेदी लिओने या फ्रेंच बँकेचे कर्ज, पारेत्ती यांची गच्छंती, दावे आणि प्रतिदावे या भानगडीत वर्षांमागून वर्षे गेली. या काळात पटकथेचे कागद रंगवले गेले, नाही असे नाही. परंतु चित्रीकरण अडले ते कागदामुळे नव्हे, मुखत्यारपत्रांमुळे.

त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. टिमथी डाल्टन १९८९मध्ये त्रेचाळीस वर्षांचे होते, दोन चित्रपट करून भूमिकेत नुकते स्थिरावत होते. त्यांचा तिसरा चित्रपट कधीच आला नाही. एप्रिल १९९४मध्ये त्यांनी भूमिका सोडली. मालिकेतील तेरा चित्रपटांच्या पटकथांवर ज्यांचे नाव आहे ते रिचर्ड मेबाम १९९१मध्ये निवर्तले. बंदुकीच्या नळीतून दिसणाऱ्या बाँडच्या सुप्रसिद्ध आरंभदृश्याचे जनक मॉरिस बाइंडर हेही त्याच वर्षी गेले. सलग पाच चित्रपट दिग्दर्शित करणारे जॉन ग्लेन मालिकेत परतले नाहीत. कारागिरांची जी एकजीव तुकडी तीस वर्षांत घडली होती, ती विखुरली. शिंप्याचे दुकान बंद पडले तर गिऱ्हाईक दुसरीकडे कपडे शिवून घेते, पण त्या दुकानातला हात मात्र जातो तो जातोच. ‘गोल्डनआय’ चांगला चालला, पियर्स ब्रॉस्नन लोकांना आवडले, हे खरे आहे. पण तो चित्रपट सहा वर्षांच्या विलंबामुळे चांगला झाला, असा निष्कर्ष काढणे म्हणजे रुग्ण बरा झाला याचे श्रेय डॉक्टर उशिरा आला याला देणे.

नेमका हाच निष्कर्ष दुसऱ्या तटाचे जाणकार काढत असतात. त्यांचे आवडते उदाहरण ‘स्कायफॉल’चे. २००८च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’नंतर चार वर्षांनी, २०१२मध्ये, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो आला आणि एक अब्ज डॉलरहून अधिक मिळकत करणारा पहिला बाँडपट ठरला. पाहा, थांबल्याचे फळ, असे सांगितले जाते. थांबले कोण आणि कशासाठी? एप्रिल २०१०मध्ये काम थांबवावे लागले ते एमजीएम पुन्हा एकदा कर्जात बुडाल्यामुळे. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चित्रपट चांगला झाला तो सॅम मेंडिस यांच्यामुळे, छायालेखक रॉजर डीकिन्स यांच्यामुळे आणि पटकथेमुळे. दिवाळखोरीला दिग्दर्शनाचे श्रेय देण्याचा मान बहुधा जगात प्रथमच कोणाला मिळत असावा. आणि नियमच काढायचा तर मग ‘नो टाइम टू डाय’चे काय? तो आधीच्या ‘स्पेक्टर’नंतर जवळजवळ सहा वर्षांनी आला. त्यात डॅनी बॉइल या दिग्दर्शकाने ऑगस्ट २०१८मध्ये काम सोडले, नवा दिग्दर्शक आला, पटकथा पुन्हा लिहिली गेली. ‘स्कायफॉल’पेक्षा तो सरस ठरल्याचे फारसे कोणी म्हणत नाही. उलट ‘गोल्डफिंगर’ला एक वर्ष पुरले. म्हणजे वर्षांचा आकडा काहीच सिद्ध करत नाही. त्या वर्षांत काय चालले होते, एवढाच प्रश्न उरतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण ‘क्वांटम ऑफ सोलेस’चेच आहे. तो ठरल्याप्रमाणे दोन वर्षांत आला. पण नोव्हेंबर २००७ ते फेब्रुवारी २००८ या काळात हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता. पटकथा अपुरी राहिली, आणि प्रसंग नट व दिग्दर्शकाला मिळून लिहावे लागले, हे डॅनियल क्रेग यांनी पुढे स्वतःच सांगितले. पाहणाऱ्याला ते सांगण्याची गरज नव्हती. पडद्यावर दिसतच होते. इथे सहा महिने थांबायला हवे होते आणि प्रेक्षकानेही ते आनंदाने मान्य केले असते. ज्या विलंबाने चित्रपट सुधारला असता, तो विलंब टाळला गेला. ज्यांनी काहीच सुधारणार नव्हते, ते विलंब मात्र वर्षानुवर्षे लांबले. मालिकेचा इतिहास हा असा उफराटा आहे.

पहिल्या तटाला, म्हणजे उतावळ्यांना, आरसा दाखवायचा तर अमेरिकेतील डिस्ने कंपनीकडे पाहावे. जॉर्ज ल्युकस यांनी स्टार वॉर्सचे पहिले तीन चित्रपट १९७७, १९८० आणि १९८३ असे तीन-तीन वर्षांनी दिले. डिस्नेने ही मालिका विकत घेतल्यावर २०१५मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ आला आणि त्याने दोन अब्ज डॉलरहून अधिक मिळवले. मग काय विचारता! २०१६मध्ये एक, २०१७च्या डिसेंबरमध्ये एक आणि त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, मे २०१८मध्ये, ‘सोलो’. स्टार वॉर्सचा चित्रपट तोट्यात जाऊ शकतो, हे जगाला त्या दिवशी प्रथम कळले. अति झाले आणि फार वेगाने झाले, अशी कबुली कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांना त्याच वर्षी द्यावी लागली. २०१९च्या चित्रपटानंतर २०२० ते २०२५ या सहा वर्षांत एकही नवा स्टार वॉर्सपट चित्रपटगृहात आला नाही. आधी अजीर्ण, मग लंघन. मार्व्हलच्या बाबतीतही तेच घडले. २००८ ते २०१९ या अकरा वर्षांत तेवीस चित्रपट प्रेक्षकांनी आवडीने पाहिले. २०२१मध्ये मात्र सहा महिन्यांत चार चित्रपट आणि त्याच वर्षी घरबसल्या पाहायच्या मालिकाही आल्या. एक कथा समजायला दुसऱ्या चार पाहिलेल्या असाव्यात, अशी वेळ आली. करमणूक न राहता तो गृहपाठ झाला. नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या ‘द मार्व्हल्स’ने तोवरच्या सर्व मार्व्हलपटांत सर्वांत कमी मिळकत केली, आणि २०२४मध्ये कंपनीने मुकाट्याने एकच चित्रपट आणला.

दोन्ही टोकांना दिसतो तो एकच मालक. त्याला हिशेबाच्या तिमाहीत आकडा हवा असेल तर तो प्रेक्षकाला पाच महिन्यांत बोलावतो. त्याला हक्कांचा सौदा करायचा असेल तर सहा वर्षे ताटकळत ठेवतो. प्रेक्षकाची सोय, नटाचे वय, कारागिरांचा हात, कथेची गरज, यांतले काहीच या हिशेबात नसते. आणि मधल्या रिकाम्या काळाचेही पैसे करण्याची कला त्यांना साधली आहे. १९७७च्या नाताळात स्टार वॉर्सची खेळणी वेळेवर तयार झाली नव्हती. तेव्हा केनर या कंपनीने अमेरिकेतील पालकांना चक्क रिकामे खोके विकले! आत एक प्रमाणपत्र होते; ते पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच येणार. आईबापांनी पैसे मोजून मुलांच्या हाती प्रतीक्षा ठेवली. आज खेळण्याच्या जागी झलक आली, झलकेचीही झलक आली, चित्रपट संपल्यावर श्रेयनामावलीनंतर दाखवायचे तुकडे आले. खोके तेच आहे.

मग प्रेक्षकाने वाट पाहूच नये काय? अवश्य पाहावी. वाट पाहण्याचा आनंद या मातीला कोणी शिकवायला नको. गणपती वर्षातून एकदाच येतात. दिवाळी अंकाची परंपरा काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये सुरू केली, आणि मराठी वाचक तेव्हापासून वर्षभर त्याची वाट पाहत आला आहे. नाशिकचा सिंहस्थ तर बारा वर्षांनी येतो. बारा वर्षे! तरीही गोदाकाठच्या माणसाने कधी निषेधाचा मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही, कारण तिथी ठरलेली आहे. आजोबांना ठाऊक असते, नातवाला ठाऊक असते. तिथी ठरलेली असली की प्रतीक्षेचा उत्सव होतो. माणूस तयारी करतो, पैसे बाजूला काढतो, नातलगांना कळवतो. तिथी नसली की त्याच प्रतीक्षेचे सरकारी कचेरीतले बाकडे होते. जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ डिसेंबर २००९मध्ये आला आणि दुसरा भाग डिसेंबर २०२२मध्ये, म्हणजे सिंहस्थापेक्षाही एक वर्ष उशिरा. या काळात तारखा जाहीर झाल्या आणि पुन:पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. कॅमेरॉन निदान खरोखर कामात होते. पाण्याखाली अभिनयाचे चित्रण करण्याचे तंत्र घडवत होते आणि पुढच्या भागाचे चित्रीकरणही त्यांनी सोबतच उरकले, त्यामुळे तिसरा भाग तीनच वर्षांत, डिसेंबर २०२५मध्ये आला. त्यांना सूट द्यावी. पण तीच सूट मागायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आधी काम आहे का, हे पाहून द्यावी.

प्रादेशिक चित्रपट तर तुटपुंज्या बळावर हे करून दाखवतात. एस. एस. राजामौली यांनी जुलै २०१५मध्ये कटप्पाच्या तलवारीवर ‘बाहुबली’ थांबवला आणि एप्रिल २०१७मध्ये उत्तर दिले. एकवीस महिने अख्खा देश तो एक प्रश्न विचारत होता, पण कंटाळला नाही. मराठीत दिग्पाल लांजेकर यांनी शिवचरित्रावर आठ चित्रपटांचा संकल्प सोडला. २०१८मध्ये ‘फर्जंद’, २०१९मध्ये ‘फत्तेशिकस्त’, मग महासाथीने खोळंबलेला ‘पावनखिंड’ फेब्रुवारी २०२२मध्ये आणि पाठोपाठ एप्रिलमध्ये ‘शेर शिवराज’, २०२३मध्ये ‘सुभेदार’. हॉलिवूडच्या एका प्रसंगावर होणाऱ्या खर्चात इथे अख्खा चित्रपट उभा राहतो. दोन महिन्यांत दोन चित्रपट येणे प्रेक्षकाच्या खिशाला जड होते, हे मात्र मान्य करायला हवे. ‘पावनखिंड’च्या यशाला आणखी थोडा अवकाश मिळाला असता तर बरे झाले असते.

तेव्हा आकडा सांगायचाच झाला तर दोन वर्षे, फार तर तीन. पटकथा आणि पूर्वतयारीला एक वर्ष, चित्रीकरण आणि संकलनाला एक वर्ष, ही या व्यवसायाची साधारण नैसर्गिक गती आहे, आणि बाँडच्या बारा वर्षांच्या नेमाने ती सिद्ध झालेली आहे. तिसरे वर्ष पटकथा नीट व्हावी म्हणून. त्यापुढे गेलेल्या प्रत्येक वर्षाचे कारण मालकाने सांगितले पाहिजे, आणि ‘कला’ हे उत्तर तोंडावर फेकून चालणार नाही. यात माणसाच्या आयुष्याचा हिशेब आहे. शॉन कॉनरी यांनी पहिले पाच बाँडपट पाच वर्षांच्या आत केले. डॅनियल क्रेग यांना तेवढ्याच पाच चित्रपटांना पंधरा वर्षे लागली. २००६मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा वडिलांचे बोट धरून पहिला चित्रपट पाहायला गेला असेल, तर शेवटचा पाहताना तो तेवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला तरुण होता. एवढ्या काळात रॉजर मूर यांचे सातही चित्रपट होऊन वर तीन वर्षे उरली असती.

महासाथीचा विलंब कोणी कोणाच्या माथी मारू नये. ‘नो टाइम टू डाय’ एप्रिल २०२०मध्ये यायचा तो लांबत लांबत ३० सप्टेंबर २०२१ रोजी लंडनमध्ये आला, आणि महाराष्ट्रातील प्रेक्षकाला त्याहूनही तीन आठवडे थांबावे लागले, कारण इथली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला उघडली. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. त्या चित्रपटाच्या शेवटी बाँड चक्क मरतो. तरीही श्रेयनामावलीच्या अखेरीस जुनी अक्षरे उमटतात की, जेम्स बाँड परत येईल. मेलेला माणूस परत कसा येणार, हा प्रश्न बाजूला ठेवून प्रेक्षक पुन्हा वाट पाहू लागला.

त्यानंतर काय झाले? ॲमेझॉनने मे २०२१मध्ये एमजीएम सुमारे ८.४५ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले, मार्च २०२२मध्ये सौदा पुरा झाला. चित्रपट कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार मात्र बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन या भावंडांकडे राहिला. कंपनी आणि कुटुंब यांचे पटत नसल्याच्या बातम्या डिसेंबर २०२४मध्ये बाहेर आल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये भावंडे बाजूला झाली आणि सर्जनशील निर्णयांचा अधिकार ॲमेझॉनकडे गेला. तीन वर्षे, म्हणजे पूर्वीच्या हिशेबाने दीड चित्रपटाचा काळ, यात खर्ची पडला. ॲमेझॉनच्या हाती मार्व्हलचे उदाहरण आहे; बाँडच्या शिपायांचे, सचिवांचे आणि खलनायकांचे वेगवेगळे चित्रपट काढून दरसाल पानात वाढण्याचा मोह तिला होणारच नाही, याची खात्री कोण देणार? विलंब संपला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी हा दुसरा धोका विसरू नये. ब्रोकोली कुटुंबाचे कितीही दोष काढले तरी त्यांनी साठ वर्षांत बाँडचा भाजीबाजार होऊ दिला नाही, ही गोष्ट त्यांच्या पदरात टाकावीच लागेल.

मार्च २०२५मध्ये नवे निर्माते म्हणून एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन यांची नावे जाहीर झाली. यांतले हेमन म्हणजे नोव्हेंबर २००१ ते जुलै २०११ या दहा वर्षांत हॅरी पॉटरचे आठही चित्रपट पुरे करणारे गृहस्थ. तिथे मुले मोठी होत होती, आवाज फुटत होते, मिसरुडे येत होती. थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून दिग्दर्शक चार वेळा नेमले गेले, पण वेळापत्रक टिकले. त्यांना तारीख म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. जून २०२५मध्ये दिग्दर्शक म्हणून देनी विलनव यांचे नाव ठरले, जुलैअखेर पटकथेसाठी स्टीव्हन नाइट यांचे. विलनव यांच्या हाती ‘ड्यून’चा तिसरा भाग आधीपासूनच होता. २०२५ सरले तेव्हा दिग्दर्शक ठरलेला होता, लेखक ठरलेला होता. तारीख ठरलेली नव्हती.